एकोणीस इंची की अठरा? महागड्या एसयूव्हीचे टायर बदलण्याआधी

गाडी घेताना आपण रंगावर आठवडाभर वाद घालतो, सीटचं लेदर बोटांनी चाचपून बघतो, सनरूफ चार वेळा उघडून मिटतो. टायर मात्र कोणी निवडत नाही, ते गाडीबरोबर येतात. मग तीन-चार वर्षं जातात आणि सर्व्हिसला सोडलेल्या गाडीबद्दल फोन येतो, "सर, टायर गोटा झालेत. चारही टाकावे लागतील." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर कोटेशन. मर्सिडीजची जीएलसी, बीएमडब्ल्यूची एक्स-थ्री, ऑडीची क्यू-फाइव्ह, व्होल्वोची एक्ससी-सिक्स्टी असल्या गाड्यांचं हे कोटेशन लाखाच्या घरात सहज जातं आणि त्यातल्या एकाही ओळीचा अर्थ आपल्याला लागत नाही.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. "जे होतं तेच टाका" म्हणून मोकळे होतात, नाहीतर पुण्यातल्या नाना पेठेतल्या ओळखीच्या टायरवाल्याला फोन लावून "या साइजमध्ये स्वस्तात काय आहे?" असं विचारतात. दोन्ही मार्गांनी कधीकधी चांगला टायर मिळतोही, पण योगायोगाने. गाडीबरोबर आलेला टायर कंपनीच्या इंजिनिअरांनी निवडलेला असतो. निवडताना त्यांच्यापुढे युरोपातले हायवे, तिथले आवाजाचे नियम, मायलेजचे आकडे आणि ब्रोशरमधला फोटो असतो. तुमच्यापुढे सिंहगड रस्ता, जुलैमधला ताम्हिणी घाट आणि मुंबई एक्स्प्रेस-वेचं काँक्रीट आहे. म्हणून टायर बदलताना यातलं काय आपल्याला बदलता येतं आणि कशाला हात लावायचा नाही, हे माहीत असलेलं बरं.

टायरच्या अंगावर काय लिहिलंय

गाडीजवळ जा, वाकून बघा. समजा '२३५/५५ आर १९ १०१ व्ही' असं लिहिलंय. जीएलसी, क्यू-फाइव्ह आणि एक्ससी-सिक्स्टी या तिन्ही गाड्यांच्या काही व्हेरियंटना हाच साइज येतो, म्हणून उदाहरणाला तोच घेऊ.

२३५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ हा टक्का आहे: टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, इथे साधारण १२९ मिमी. आर म्हणजे रेडियल, आता सगळेच असतात. १९ हा रिमचा व्यास, इंचांत. पुढचे दोन, १०१ आणि व्ही, दुकानात कोणी वाचत नाही आणि घोटाळे तिथेच होतात.

१०१ हा लोड इंडेक्स. तो थेट किलो नसतो, त्याचा तक्ता असतो. १०१ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८२५ किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. साइज तोच, पण आकडा वेगळा असलेले टायर एकाच दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात. १०५ वाल्यावर बहुधा 'एक्सएल' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे एक्स्ट्रा लोड, थोडी जास्त हवा आणि त्यामुळे जास्त वजन पेलणारा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये १०५ लिहिलं असेल तर १०१ चा टायर कितीही नामांकित असला तरी नको. उलट चालतं: १०१ मागणाऱ्या गाडीला १०५ चा टायर टाकला तर धोका नाही, फक्त गाडी किंचित कडक चालेल. इलेक्ट्रिक एसयूव्ही असेल तर इथे दुप्पट लक्ष द्या. बॅटरीमुळे या गाड्यांचं वजन पेट्रोलवाल्या भावंडांपेक्षा बरंच जास्त असतं आणि काहींना 'एचएल' म्हणजे एक्सएलच्याही वरचा टायर लागतो.

व्ही ही वेगाची मर्यादा, ताशी २४० किलोमीटर. एच २१०, डब्ल्यू २७०, वाय ३००. आपल्या एक्स्प्रेस-वेवर सपाटीला शंभरची मर्यादा, समृद्धीवर एकशेवीसची, मग २४० कशाला? प्रश्न रास्त आहे. पण हे अक्षर वेगाबरोबर उष्णता सहन करण्याबद्दलही सांगतं, म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या खाली जाऊ नये. वर जाण्यात मात्र काही अर्थ नाही. वाय रेटिंगच्या टायरचे जादा पैसे भरून शहरातल्या सिग्नलला थांबायचंच आहे.

याखेरीज एखादी छोटी खूण दिसेल. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी 'एमओ', ऑडीसाठी 'एओ', व्होल्वोसाठी 'व्हीओएल', पोर्शसाठी 'एन' आणि पुढे आकडा. याचा अर्थ त्या कार कंपनीने टायर कंपनीकडून तो टायर आपल्या गाडीसाठी थोडा बदलून घेतलाय. रबराचं मिश्रण, आतली बांधणी, कुठेतरी काहीतरी वेगळं असतं. म्हणून तेच नाव, तोच साइज असलेले दोन टायर, एक ताऱ्याचा आणि एक बिनताऱ्याचा, पूर्णपणे सारखे नसतात. मग खूण असलेलाच घ्यावा का? पोर्श असेल तर मी कंपनीचं ऐकेन. बाकीच्या रोजच्या वापराच्या एसयूव्हींना खूण नसलेला, पण लोड आणि वेगाचे आकडे जुळणारा चांगला टायर चालतो. फक्त चारही एकसारखे हवेत. दोन ताऱ्याचे आणि दोन बिनताऱ्याचे, ही खिचडी नको.

खूण सोडून देण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवाना असल्याशिवाय आणता येत नाही. मर्सिडीजचा कारखाना चाकणला, ब्रिजस्टोनचाही चाकणलाच, तरी खास खुणेचा १९ किंवा २० इंची टायर बऱ्याचदा परदेशातून येतो आणि त्याची वाट बघत गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहते. साध्या खुणेवर अडून बसलो नाही तर दुकानात पर्याय वाढतात.

खड्डा, चेंबर आणि फुगा

पुण्यात टायर झिजून बदलले जातात त्याच्या बरोबरीने ते फुगा येऊन बदलले जातात, असं मला माझ्या ओळखीच्यांच्या गाड्यांवरून वाटतं. फुगा येतो कसा, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली स्टीलचे पट्टे असतात. साइडवॉलमध्ये ते नसतात. तिथे रबराच्या आत पॉलिएस्टरसारख्या धाग्यांचा थर असतो, बस्स. गाडी खड्ड्याच्या धारदार काठावर आदळली की साइडवॉल रिम आणि काठ यांच्या मध्ये चिमटली जाते. वरचं रबर तसंच राहतं पण आतले काही धागे तुटतात. मग त्या जागी हवेचा दाब थोपवायला कोणी उरत नाही आणि रबर बाहेर फुगतं. हा फुगा दुरुस्त होत नाही. "चालेल अजून महिनाभर" म्हणणारा माणूस स्वतः त्या गाडीतून खंडाळ्याचा घाट उतरणार नसतो.

चिमटा बसू नये यासाठी रिम आणि रस्ता यांच्यात रबर आणि हवा किती आहे, यावर सगळं अवलंबून असतं. आता आकडे बघा. एकाच गाडीला कंपनी अनेकदा तीन साइज देते: १८ इंची रिमवर २३५/६०, १९ इंचीवर २३५/५५, २० इंचीवर २५५/४५. साइडवॉल अनुक्रमे १४१, १२९ आणि ११५ मिमी. पूर्ण चाकाचा व्यास मात्र ७३९, ७४१ आणि ७३७ मिमी, म्हणजे जवळजवळ सारखाच. याचा अर्थ असा की २० वरून १८ ला आलात तर गाडीची उंची तीच राहते, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, आणि खड्डा आणि रिम यांच्यामध्ये एक इंचाहून जास्त रबर वाढतं. शिवाय टायर स्वस्त पडतो आणि ब्रँड जास्त मिळतात.

पुण्यातला खड्डा एकाच जातीचा नसतो. पावसाळ्यातला पाण्याने भरलेला खड्डा दोन इंच आहे की सहा, हे त्यात चाक गेल्यावरच कळतं. पण मला त्याहून जास्त भीती वाटते ती ड्रेनेजच्या चेंबरची. रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत जातात, झाकण मूळच्या पातळीला राहतं आणि त्याच्याभोवती चौकोनी, सरळ कडेची खळगी तयार होते. रात्री, समोरून प्रखर दिवे येत असताना, ती दिसतच नाही. २० इंची रिमचं बारीक रबर तिथे हमखास मार खातं, आणि नुसता टायर जात नाही, रिमही वाकते.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: गाडी पुण्यात रोज चालणार असेल आणि कंपनी त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला लहान रिम देत असेल, तर टायर बदलताना रिमसकट खाली उतरण्याचा विचार करा. दोन अटी आहेत. एक, तुमच्या गाडीच्या ब्रेक कॅलिपरवरून, म्हणजे चाकाच्या आत डिस्क आवळून धरणाऱ्या भागावरून, ती रिम बसली पाहिजे. मोठ्या इंजिनच्या व्हेरियंटला मोठे ब्रेक असतात आणि १८ इंची रिम आतून घासू शकते. दुसरी, तो साइज कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलसाठी छापलेला हवा, म्हणजे उद्या विमा कंपनीला बोट दाखवायला जागा राहत नाही. सोसायटीतले शेजारी "चाकं लहान केलीत का?" असं विचारतील. विचारू देत.

रिम बदलायची नसेल तर निदान त्याच साइजमध्ये एक्सएल टायर आणि योग्य हवा. कमी हवेचा टायर खड्ड्यात जास्त दबतो, म्हणजे चिमटा लवकर बसतो. "खड्डे आहेत, हवा जरा कमीच ठेवा, मऊ चालेल" हा पंपावर मिळणारा सल्ला म्हणूनच उलटा आहे.

पावसासाठी टायर

समजा गाडीचं वजन दोन टन. एका चाकावर पाचशे किलो. हवा ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो. भागाकार केला तर एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण २०० चौरस सेंटीमीटर येतो. चारही मिळून एका ए-फोर कागदाहून थोडासाच मोठा. साठ-सत्तर लाखांची गाडी, तिची सगळी इलेक्ट्रॉनिक सुरक्षा, एबीएस, ईएसपी, रडार, जे काही करायचं ते या एवढ्या रबरातून करते.

पाऊस पडला की त्या रबराखाली पाणी येतं आणि नक्षीच्या खाचांमधून ते बाहेर फेकावं लागतं. फेकता आलं नाही तर चाक पाण्यावर तरंगतं, स्टिअरिंग हलकं होतं, ब्रेक दाबून काही घडत नाही. नासाने विमानांच्या टायरवर यासाठी प्रयोग केले होते आणि त्यातून एक सूत्र निघालं: तरंगायला लागण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. ते सूत्र गोटा टायर आणि साचलेलं पाणी धरून आहे आणि मोटारीला तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज येतो. ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास निघतो, २४ पीएसआयला ८२ च्या. म्हणजे हवा भरायचा कंटाळा केला तर एक्स्प्रेस-वेवर, नियमात राहूनही, आपण पाण्यावर गाडी चालवत असू शकतो. आणि टायर जितका रुंद तितकं त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. रुंद टायर पावसात जास्त पकडतो, हा गैरसमज आहे.

नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिमी खोल असते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिमी. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कायद्याने टायर संपला. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी, तीन मिमीच्या सुमारास, ढासळायला लागते. त्यामुळे मे महिन्यात मोजून बघा आणि तीन-साडेतीन मिमी उरली असेल तर "दिवाळीनंतर बघू" म्हणू नका. त्या टायरचं काम पावसाळ्यातच आहे, ऑक्टोबरनंतर गुळगुळीत टायरही कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी थांबतो.

आता जात. दुकानात किंवा साइटवर समर, ऑल सीझन, ऑल टेरेन असे प्रकार दिसतील. समर या शब्दावर जाऊ नका. तो युरोपातला उन्हाळा, म्हणजे साधारण सात अंशांच्या वरचं तापमान. आपलं सगळं वर्ष त्यात बसतं, पावसाळ्यासकट. डोंगर आणि हिमकण असं चित्र असलेला टायर बर्फासाठी असतो. त्याचं रबर थंडीत मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं आणि आपल्या एप्रिलमध्ये ते नको तितकं मऊ होतं. ऑल टेरेन, म्हणजे मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर, फोटोत रुबाबदार दिसतो, पण डांबरावर आवाज करतो आणि ओल्यात उशिरा थांबतो. शेतावरच्या चिखलात आठवड्याला जावं लागत असेल तर गोष्ट वेगळी. मुळशीच्या फार्महाऊसपर्यंत हल्ली बहुतेक ठिकाणी डांबर आहे.

ओल्या पकडीसाठी युरोपीय लेबल कामाचं आहे. ए पासून ई पर्यंत श्रेणी, ए सर्वांत चांगली. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक टायरचं तेच मॉडेल, त्याच साइजमध्ये युरोपात विकलं जातं, तर त्याची श्रेणी कंपनीच्या साइटवर सापडते. आपल्या बीईईचे, म्हणजे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, तारेही काही टायरवर दिसतात, फ्रिजवर असतात तसे. ते मुख्यतः इंधन बचतीबद्दल असतात, पकडीसाठी त्यांच्यावर विसंबू नका. ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा अंदाज, ३००, ४०० असा लिहिलेला असतो; हे आकडे कंपनी आपल्या टायरला आपणच देते, म्हणून एका ब्रँडचा ४०० दुसऱ्याच्या ३०० पेक्षा जास्त टिकेलच असं नाही. त्याच ब्रँडचे दोन टायर ताडून बघायला ते ठीक.

रनफ्लॅट ठेवायचे की सोडायचे

टायरवर आरएफटी, आरओएफ, एसएसआर किंवा झेडपी असं लिहिलं असेल तर तो रनफ्लॅट. साइडवॉल इतकी जाड आणि कडक की हवा पूर्ण गेली तरी गाडी टायरवर उभी राहते. साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, असं त्याचं वचन. रात्री अकरा वाजता वरंध्यात पंक्चर झालं आणि बरोबर लहान मुलं असतील, तर या वचनाची किंमत कळते. खाली उतरायचं नाही, जॅक काढायचा नाही, सरळ भोरपर्यंत यायचं.

त्याची भरपाई रोज करावी लागते. कडक साइडवॉलमुळे छोटे धक्केही आत पोहोचतात, टायर महाग, पर्याय कमी, आणि हवेशिवाय चालवलेला रनफ्लॅट बहुधा दुरुस्त न करता फेकूनच द्यावा लागतो. रनफ्लॅटला फुगा येत नाही असाही एक समज आहे. येतो. भिंत जाड असली तरी चेंबरच्या कडेपुढे तीही हरते.

साधे टायर टाकायचे ठरवलं तर आधी बूट उघडून बघा, स्टेपनी आहे का. जुलै २०२० मध्ये बदललेल्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे काही गाड्यांत तिच्यासाठी जागाच नाही. किटमधलं द्रव खिळ्याच्या भोकाला पुरतं, साइडवॉल फाटली तर काही कामाचं नाही. ज्यांचं फिरणं बहुतेक शहरात आणि मुंबईपर्यंत आहे, ज्यांच्याकडे स्टेपनी आहे आणि टोइंगची सेवा आहे, त्यांनी साधे घ्यावेत, गाडी लक्षात येईल इतकी सुखाची होते. कोकणात, घाटांत रात्री-अपरात्री एकट्याने जाणाऱ्यांनी रनफ्लॅट सोडू नयेत. बदल करायचा तर चारही एकदम.

एकच फाटला, चार कशाला?

हा प्रश्न विचारला की दुकानदार हसतो आणि आपल्याला वाटतं, हा लुटतोय. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारी गाडी असेल तर तो बहुधा लुटत नसतो. हिशेब करू. नव्या टायरची नक्षी आठ मिमी, जुन्यांची तीन. त्रिज्येत पाच मिमीचा फरक. आपल्या २३५/५५ आर १९ चा नवा टायर किलोमीटरमागे साधारण ४३० फेरे घेतो, झिजलेला ४३६. सहा फेऱ्यांचा फरक. गाडीची यंत्रणा समजते की एक चाक घसरतंय, आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या ट्रान्सफर केसमधले क्लच हा फरक मिटवत राहतात. मुंबईपर्यंत दीडशे किलोमीटर म्हणजे शेकडो फेऱ्यांचं घर्षण, सरळ रस्त्यावर, काही कारण नसताना. ते तापतात, झिजतात, आणि त्यांच्या दुरुस्तीपुढे चार टायरचं बिल किरकोळ वाटतं.

किती फरक चालतो हे प्रत्येक कंपनी वेगळं सांगते, मॅन्युअलमध्ये बघा. टायर पाच-सहा हजार किलोमीटरच चालले असतील तर तोच टायर एकच घेऊन भागतं. अर्धे झिजले असतील तर निदान एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही बदलायचे आणि तेही मॅन्युअल परवानगी देत असेल तर. नवे दोन मागे टाकतात, कारण ओल्यात मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं नवख्याच्या हातचं नसतं. काही गाड्यांना पुढे एक साइज आणि मागे त्याहून रुंद असतो, बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्हच्या २० इंची जोडीत पुढे २७५/४५ आणि मागे ३०५/४०. अशांत टायर पुढचे मागे करता येत नाहीत, म्हणून मागचे आधी संपतात आणि खर्च वाढतो. सेकंडहँड गाडी बघताना हे विचारून घ्या.

आवाजाबद्दल थोडक्यात. काँक्रीटवर टायर डांबरापेक्षा जास्त गुणगुणतो, म्हणून वरच्या श्रेणीच्या काही टायरच्या आत फोमचा थर चिकटवलेला असतो. फरक पडतो, पण पंक्चर काढताना तो फोम कापावा लागतो आणि गल्लीतला पंक्चरवाला त्याला हात लावायला तयार नसतो. मी फोमसाठी जादा पैसे दिले नसते.

दुकानात

टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं, म्हणून सहा महिन्यांच्या आतला टायर मागा. मोठ्या, कमी खपाच्या साइजमध्ये वर्षभरापूर्वीचा मिळाला तर भाव करून घ्यायला हरकत नाही, दोन वर्षांच्या पलीकडचा परत करा. चारही टायरचे आकडे बसवण्याआधी फोटो काढून ठेवा. गाडी कमी चालते म्हणून नक्षी शाबूत असली, तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाला दाखवावा आणि दहाव्या वर्षी काढूनच टाकावा, असं टायर कंपन्याच सांगतात. आयएसआय मार्क नसलेला टायर घ्यायचा नाही, आपल्याकडे तो सक्तीचा आहे.

भाव ताडताना जीएसटी धरून आहे का ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीचं कोटेशन घेऊन कोणी घासाघीस करत असेल तर त्यात अर्थ नाही. फिटिंग, बॅलन्सिंग, चारही चाकांचं अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह, जुन्यांचा बायबॅक हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. काही कंपन्या खड्ड्यात फुटलेल्या टायरवरही वॉरंटी देतात. पुण्यात राहून ती न घेणं वेडेपणा.

दुकान कोणतंही असो, तीन गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात. १९-२० इंची रिम लोखंडी पहारीने न ओरबाडता टायर चढवणारं मशीन आहे का. नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळतात का, की नुसती हवेची गन मारतात. आणि गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर जॅक लावण्याआधी स्क्रीनवरून जॅक मोड चालू करायला सांगतात का. शेवटचं न विचारणाऱ्याकडून गाडी हळूच मागे घ्यावी. अलाइनमेंटची छापील चिठ्ठी घ्या, कारण या गाड्यांची मागची चाकंही आतून झिजतात आणि आतली बाजू उभ्याने बघितली तर दिसत नाही.

हवेचा आकडा टायरवर लिहिलेला घ्यायचा नाही, ती कमाल मर्यादा असते. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरचा, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आतला, स्टिकर बघा. त्यावर दोन जण असतानाचा आणि भरलेल्या गाडीचा असे दोन आकडे असतात. नागपूरला समृद्धीने जायचं तर दुसरा. कमी हवेची साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून तापते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तासन्‌तास एकशेवीसने जाताना फुटते ती अशीच. हवा थंड टायरवर, सकाळी, घरातून निघताना मोजा. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो, तो बघून वाटेत हवा सोडू नका. नायट्रोजन भरायचा तर भरा, वाईट काही नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर राहिलेला असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक आणि वळणं सांभाळून घ्या. हवेचा दाब सांगणारी यंत्रणा रीसेट करून घ्या, नाहीतर जुनाच दाब प्रमाण मानून ती चुकीचे इशारे देत राहते. आणि चार टायर एक फाटला म्हणून बदलले असतील, बाकीच्या तिघांची नक्षी पाच-सहा मिमी शिल्लक असेल, तर सगळे बायबॅकमध्ये देऊ नका. नवे टायर त्याच मॉडेलचे असतील तर त्यातला सर्वांत चांगला एक, तारीख आणि नक्षी मोजून, घरी उन्हापासून लांब ठेवा. वर्ष-दीड वर्षाने नवे तेवढेच झिजलेले असताना एखादा चेंबरमध्ये गेला, तर पुन्हा चारांचं बिल भरावं लागणार नाही.